पिपलकोटीत अडकलात, हरिद्वारची गाडी हुकली, टूरवाले हात वर करतायत: काय करता येईल

ताई, तुमची पोस्ट वाचताना आमचंच जुनं दुखणं समोर आलं. तुम्ही नाशिकची सात माणसं, त्यात सत्तरीपुढचे सासू-सासरे आणि दोन लहान मुलं. बद्रीनाथहून उतरताना दरड आली म्हणून पिपलकोटीत दोन रात्री जादा काढल्या, हरिद्वारची परतीची गाडी निघून गेली, आणि आता टूर कंपनी म्हणते, ‘नैसर्गिक आपत्ती आहे, परतावा नाही’. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: ड्रायव्हर म्हणत होता तसं चोपत्यावरून निघायला हवं होतं का, पैसे परत मिळतील का, आणि राहिलेलं केदारनाथ येत्या मे-जूनमध्ये करावं का. यात्रेची नोंदणी, गरम कपडे वगैरेवर इथे भरपूर लिहून झालंय, ते सोडून देतो.

आधीच सांगतो, मी वकील नाही. खाली कायद्याबद्दल जे लिहिलंय ते माहिती म्हणून घ्या. तुमच्या बुकिंगच्या अटी जाणत्या माणसाकडून एकदा वाचून घ्याच.

चोपत्याचा रस्ता

तुमचा निर्णय बरोबर होता. चमोलीपासून बद्रीनाथपर्यंत (पिपलकोटी, हेलंग, जोशीमठ, गोविंदघाट) गाडीचा रस्ता व्यवहारात एकच. पर्याय सुरू होतो तो चमोलीपासून खाली. तिथून गोपेश्वर, मंडल, चोपता, उखीमठ, कुंड करत रुद्रप्रयागला उतरता येतं. नंदप्रयाग किंवा कर्णप्रयागच्या आसपास दरड असेल तर हा रस्ता कामाचा. तुमची दरड पिपलकोटी आणि चमोलीच्या मध्ये होती, म्हणजे चोपत्याचा फाटा दरडीच्या पलीकडे. तिथपर्यंत पोचणारच कसं? ड्रायव्हरने सांगितलं म्हणून रात्री निघाला असतात तर अंधारात कड्याखाली रांगेत उभे राहिला असतात, एवढंच.

दुसरा पर्याय फार थोड्या लोकांना ठाऊक असतो. कर्णप्रयागपर्यंत पोचलात आणि खाली सिरोबगडला (श्रीनगर आणि रुद्रप्रयागमधली जुनी घसरती जागा) रस्ता बंद असेल, तर आदिबद्री, गैरसैंण, चौखुटिया, द्वाराहाट, रानीखेत करत काठगोदामला उतरता येतं. लांब आहे, वळणं खूप आहेत, मुलांना उलट्या होतील. पण काठगोदामहून दिल्लीची रेल्वे मिळते. घरी पोचायला हरिद्वारलाच उतरलं पाहिजे असं कुठे आहे?

आणि ‘रस्ता खुला’ हा मेसेज आला म्हणून लगेच सामान गाडीत टाकू नका. बऱ्याचदा एकच बाजू, आलटून-पालटून, आधी लहान गाड्या, असं सोडतात. विचारायचं ते हे: कोणत्या गाड्या सोडतायत, कोणत्या दिशेने, आणि वरून दगड पडायचे थांबलेत का. पाऊस उघडून ऊन पडलं तरी ओला उतार दगड सोडतच राहतो, म्हणून पहाटे पाच-सहाला निघून अवघड टप्पे दुपारच्या आत ओलांडणं सर्वांत बरं. रांगेत थांबायची वेळ आली तर गाडी ताज्या उघड्या कड्याखाली नको, नाल्याच्या तोंडाशीही नको. थोडं मागे, झाडी टिकून असलेल्या उताराजवळ थांबा. पुढच्या गाडीला चिकटून उभे राहू नका, मागे वळवायला जागा राहू द्या. नाल्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं किंवा अचानक कमी झालं तर वर कुठेतरी अडलंय असं समजा आणि माणसांना घेऊन उंचावर जा. सामान राहू द्या.

पैशांचं: जे आम्हाला सर्वांत महाग पडलं

आम्हीही असेच अडकलो होतो. दरड आमच्या हातात नव्हती. महाग पडलं ते टूर कंपनीचं कार्यालय. नाव लिहीत नाही. अडकलेल्या रात्री फोनवर अतिशय गोड उत्तर: ‘काळजी करू नका, आल्यावर बघू, पुढच्या ट्रिपमध्ये ॲडजस्ट करू.’ परत आल्यावर ते बोलणारे गृहस्थ नोकरी सोडून गेलेले, नवीन माणसाला काही माहीत नाही, साहेब बाहेरगावी. मग टेबलावरून मागणी आली, ‘रस्ता बंद होता याचा सरकारी दाखला आणा.’ असा दाखला चार दिवसांच्या पाहुण्याला तहसीलमधून हातोहात मिळत नाही, आणि हे मागणाऱ्यालाही माहीत असतं. म्हातारी माणसं घेऊन दोन रात्री दरडीपाशी काढलेल्या कुटुंबाला असं दारोदार फिरवणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

यात पैसे नेमके कुठे बुडतात ते समजून घ्या. तुमची पुढची हॉटेलं (रुद्रप्रयाग, हरिद्वार) टूरवाल्याने बुक केलेली असतात. संध्याकाळपर्यंत ‘पाहुणे अडकलेत, आज येत नाहीत’ असं कळवलं, तर बरीच हॉटेलं तारीख पुढे ढकलतात किंवा थोडे पैसे कापून बाकीचे पुढच्या मुक्कामासाठी जमा धरतात. न कळवता खोली रिकामी राहिली की ती ‘नो शो’ धरली जाते आणि पूर्ण रक्कम जाते. टूरवाल्याने तो एक फोन केला की नाही, यावर तुमचे हजारो रुपये ठरतात. आणि त्याने तो केला नाही हे सिद्ध करायला तुमच्याकडे काय असतं? फोनवरचं गोड बोलणं.

म्हणून अडकलेल्या त्याच दिवशी, खोलीत बॅगा टाकल्या की पहिलं काम लेखी कळवायचं. मेल आणि व्हॉट्सॲप दोन्हीवर, कंपनीच्या अधिकृत पत्त्यावर, ड्रायव्हरच्या किंवा एखाद्या एजंटच्या खासगी नंबरवर नव्हे. डेटा चालत नसेल तर साधा एसएमएस पाठवा, तो कमकुवत नेटवर्कवरही जातो. मजकूर असा पुरतो: बुकिंग क्रमांक, किती माणसं, त्यात ज्येष्ठ किती, कुठे थांबलोय, किती वाजल्यापासून, रस्ता कुठे बंद, आज आणि उद्या कोणतं हॉटेल वापरता येणार नाही. शेवटी तीन मागण्या. त्या हॉटेलांना आत्ता कळवून तारीख पुढे घ्या. जादा मुक्कामाचं आणि गाडीचं भाडं कोण देणार ते सांगा. न वापरलेल्या सेवांचा हिशेब द्या. राग, शिव्या, ‘बघून घेतो’ असलं काही नको. हा कागद पुढे तिसरा माणूस वाचणार आहे.

त्यानंतर प्रत्येक फोन झाला की लगेच एक ओळ टाका: ‘आत्ता फोनवर आपण म्हणालात की हरिद्वारची खोली उद्यावर ढकलली आहे.’ समोरच्याने खोडून काढलं नाही तर ते तुमच्या बाजूने बोलतं. मूळ चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढले असले तरी.

दाखल्याचं काय? त्याऐवजी हे जमवा. जिल्हा पोलिसांच्या आणि आपत्ती विभागाच्या सोशल मीडिया पोस्ट, ज्यात रस्त्याची स्थिती तारखेसह येते. टॅक्सीच्या ड्युटी स्लिपवर ड्रायव्हरच्या हातची नोंद, जागा आणि वेळेसह, खाली सही. जादा मुक्कामाचं पक्कं बिल, त्यावर सगळ्यांची नावं आणि तारखा. त्याच लॉजकडून लेटरहेडवर दोन ओळी की रस्ता बंद असल्यामुळे मुक्काम वाढवला. हे शेवटचं निघतानाच मागा, घरी पोचल्यावर मिळवणं कठीण.

आता तुमच्या हातात काय आहे? ‘नैसर्गिक आपत्ती’च्या कलमाचा आधार त्यांना मिळतो तो सेवा देता आली नाही याबद्दल. न दिलेल्या आणि ज्यावर खर्चच झाला नाही अशा सेवेचे पैसे ठेवून घ्यायचा परवाना त्यातून आपोआप मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ‘परतावा द्या’ असं मोघम मागू नका. ‘या दोन हॉटेलांनी तुमच्याकडून प्रत्यक्ष किती आकारले, त्याची बिलं दाखवा’ असं मागा. या प्रश्नावर बरीच कार्यालयं नरमतात.

नाही नरमली तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यानेही हललं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनीचं ऑफिस दिल्लीत असो की मुंबईत, तुम्ही नाशिकलाच करा. मोबदला (म्हणजे टूरसाठी तुम्ही भरलेले पैसे) ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते, आणि मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. ‘पुढच्या सीझनला बघू’ हे ऐकत बसलात तर ही दोन वर्षंच संपतात.

जादा दोन रात्रींचं पिपलकोटीचं बिल मात्र बहुधा तुमच्यावरच पडेल. अटींमध्ये तसं लिहिलेलं असतं आणि त्यावर भांडण्यात मला अर्थ दिसत नाही.

रेल्वेचं तिकीट

इथे लोक दोन उलट्या चुका करतात. तुमच्यासारखं, गाडी वेळेवर सुटली पण तुम्ही पोचला नाहीत, तर दरडीचं कारण रेल्वे धरत नाही. म्हणून पोचणार नाही हे दिसलं की चार्ट लागायच्या आधीच, जितकं लवकर तितकं, रद्द करा. खिडकीवर काढलेलं तिकीटही १३९ वरून किंवा आयआरसीटीसीच्या साइटवर रद्द होतं, पैसे नंतर खिडकीवर घ्यायचे. उलट, पुरामुळे रेल्वेनेच गाडी रद्द केली असेल तर ई-तिकिटाला हात लावू नका. पूर्ण पैसे आपोआप येतात, घाईने स्वतः रद्द केलं तर कपात होऊ शकते. तुमच्या स्टेशनवर गाडी तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि जायचं नसेल, तर गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आत टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरा.

तिकिटासोबतचा तो ४५ पैशांचा विमा गाडी चुकल्याचे पैसे देत नाही. तो अपघातासाठी आहे: मृत्यू, अपंगत्व, रुग्णालयाचा खर्च. घ्या जरूर, पण नामांकन भरा, लोक तेच विसरतात. वेगळा प्रवास विमा घेणार असाल तर बुकिंगसोबतच घ्या. इशारा जाहीर झाल्यावर घेतलेल्या पॉलिसीत त्याच घटनेचा दावा बहुधा नाकारतात.

येत्या उन्हाळ्यात जावं का

जा, पण टूरच्या पत्रकावरचा कार्यक्रम जसाच्या तसा घेऊ नका. सत्तरीपुढच्या माणसांबरोबर एका फेरीत चारही धाम करू नयेत, हे माझं मत. कोणाला राग आला तरी बदलणार नाही. केदारनाथ ३,५८३ मीटरवर आहे आणि गौरीकुंडपासून सुमारे १६ किलोमीटरची चढण. तेवढं एकच करा.

तारखा १० जूनच्या आत संपवा. पाऊस तिथे साधारण जूनच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पोचतो, पण २०१३ मध्ये १६-१७ जूनलाच केदारनाथवर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मेमध्येही वादळी पाऊस, गारपीट होतेच. शाळा उघडायची म्हणून शेवटच्या आठवड्यात कोंबून बसवलेली यात्रा सर्वांत वाईट.

एक पूर्ण मोकळा दिवस ठेवा, आणि तो शेवटी ऋषिकेशला किंवा हरिद्वारला ठेवा. बरेच लोक तो वर डोंगरात ‘साइट सीइंग’साठी ठेवतात आणि परतीचा रस्ता व रात्रीची गाडी एकाच दिवशी धरतात. पहाडातून उतरायच्या दिवशी रेल्वे किंवा विमान नकोच.

खोली ‘रिव्हर व्ह्यू’ नको. ५ ऑगस्ट २०२५ ला धरालीत (गंगोत्रीच्या वाटेवरचं गाव) खीरगाड ओढ्याच्या लोंढ्याने काय केलं ते पाहिलंत. त्या वेळी आपल्याकडचेही अनेक यात्रेकरू तिकडे अडकले होते. बुकिंग करताना नकाशा उपग्रहाच्या दृश्यात उघडा. हॉटेलच्या मागून ओढा येत असेल, किंवा गाव ओढ्याने आणलेल्या दगड-मातीच्या पसरट पंख्यावर वसलेलं असेल, तर दुसरं शोधा. नाला पावसाळ्यातच वाहतो म्हणून मेमध्ये चालेल, असं हॉटेलवाला म्हणेल. ऐकू नका.

ज्येष्ठांची रोजची औषधं पाच दिवस जास्तीची, आणि ती हातातल्या पिशवीत. टपावर ताडपत्रीखाली बांधलेल्या बॅगेतून भर पावसात रक्तदाबाची गोळी काढता येत नाही. रोख १०-१५ हजार, निम्म्याहून जास्त शंभर-दोनशेच्या नोटा. रस्ता बंद झाला की नेटवर्कही बऱ्याचदा जातं, यूपीआय चालत नाही, एटीएम रिकामं होतं. गाडीची टाकी अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. गाडीवाल्याशी ‘अडकलो तर थांबलेल्या दिवसाचा दर’ आधीच लिहून ठरवा, नाहीतर चालू दिवसाचा पूर्ण दर थांबलेल्या दिवसाला लावतात.

नाशिकला एका नातेवाइकाकडे सगळ्यांची नावं, वयं, गाडीचा नंबर आणि रोजचा मुक्काम लिहून ठेवा. संपर्क तुटला तर त्याने नाशिकच्याच जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला (१०७७) कळवायचं, म्हणजे निरोप शासनामार्फत उत्तराखंडला जातो. तुम्ही स्वतः अडकलेल्या ठिकाणाहून ११२ लावा. १०७७ हा नंबर जिथून लावाल तिथल्या कक्षाला लागतो, म्हणून चमोली आणि रुद्रप्रयागच्या कक्षांचे लँडलाइन नंबर निघायच्या आधी कागदावर उतरवा. फोनमध्ये हवामान विभागाचं ‘मौसम’, आपत्ती प्राधिकरणाचं ‘सचेत’ आणि आपल्या पुण्याच्या आयआयटीएमने केलेलं विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ टाका, आणि जिल्हा नाशिक नव्हे, जिथे आहात तो निवडा.

सध्या मात्र आधी तक्रारीचं बघा. बुकिंगच्या अटींचं पान आणि त्यांचं ‘परतावा नाही’ म्हणणारं उत्तर इथे टाका, नावं-नंबर खोडून. शेवटची मागणी कोणत्या शब्दांत लिहायची ते अटी पाहून सांगता येईल.