सोनं ठेवण्याआधी एक पावसाळा वहीत ट्रक चालव

हिंगणघाट तालुक्यातून आलेलं पत्र थोडक्यात असं:

"ताई, आमचे हे अकरा वर्षांपासून दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. महिन्यातले वीस दिवस बाहेरच. आता एक सहा चाकी विकायला निघाली आहे, अकरा वर्षं जुनी, ८ लाखांत देतो म्हणतात. माझं सोनं ठेवून अडीच लाख उभे होतात. बाकीचं फायनान्स, महिन्याला २० हजार, ३६ हप्ते. हे म्हणतात, क्लीनर ठेवण्यापेक्षा तूच चल, दोघं मिळून लांबचं भाडं मारू. मला मनापासून जावंसं वाटतं. मी बारावी शिकली, बचत गटाचा हिशेब मीच ठेवते, दोन वर्षांआधी चारचाकीचं लायसनही काढलं. पण सासूबाई म्हणतात, 'पोरगं कोण पाहीन? बाईमाणूस ट्रकात बसन त लोकं काय म्हणतीन? शेत कोण पाहीन, पोरगं कोण पाहीन?' पोरगा सात वर्षांचा आहे. तीन एकर कापूस आहे. मी जाऊ का नको? आणि गाडीवर नाव कोणाचं टाकावं, पोराचं का देवाचं?"

पोरी, ताई म्हणालीस म्हणून सरळ अगं-तूगं करते. जा. पण या गाडीत नको, आणि यंदाचा पावसाळा निघाल्याशिवाय नको.

लोकांचं आधी उरकून टाकते, कारण त्यात फार दम नाही. २०२३ साली एसटीची पहिली महिला चालक सासवडहून नीरेला बस घेऊन निघाली, तिचं नाव अर्चना आत्राम. आडनाव वाचून तुझ्या सासूबाईंनाही कळेल, आपल्याकडचंच आहे. नंदुरबारात वाढलेल्या योगिता रघुवंशींनी नवरा गेल्यावर ट्रकचं स्टिअरिंग हाती घेतलं, भोपाळहून देशभर माल नेला. लोकं आठ दिवस बोलतात. नंतर त्यांचाच माल भरायला तुम्हाला फोन करतात.

आता गाडीचं. अकरा वर्षांची सहा चाकी, म्हणजे दोन ॲक्सलची. तिला नॅशनल परमिट बारा वर्षं पुरी होईपर्यंतच. तीन ॲक्सलच्या दहा चाकीला पंधरा वर्षं मिळतात, सहा चाकीला नाही. तुमचे हप्ते तीन वर्षांचे आणि परराज्यात जायची मुभा एकाच वर्षाची. मग उरलेली दोन वर्षं 'लांबचं भाडं' कुठलं मारणार? महाराष्ट्रात चालेल गाडी, नाही असं नाही, पण मग दोघांनी जायचं कारणच अर्धं संपतं. हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, म्हणूनच तो आता विकतोय. आठ वर्षांवरच्या गाडीचं फिटनेसही दरवर्षी करावं लागतं, आणि त्या दिवसाआधी गॅरेजवाला जी यादी काढतो ती वाचताना घाम फुटतो. ८ लाखांत मला तरी ही गाडी महाग वाटते. जावयांना सांग, आरसीवरची तारीख बोटानं मोजून ये.

माझ्या थोरल्या भावाचीही एक सहा चाकी होती. पाऊस लागला, कापसाच्या जिनिंग गिरण्या बंद झाल्या, आणि ती गाडी आमच्या दारासमोरच्या कडुनिंबाखाली उभी राहिली. आषाढ गेला, श्रावण सरत आला. चाकं चिखलात इतकी रुतली की कोंबड्या टायरवर चढून बसायच्या. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बाबा बैलांच्या खांद्याला हळद-लोणी चोळत होते, तेव्हा फायनान्सची माणसं आली. भावानं चावी दिली. आईनं बंपरला बांधलेलं लिंबू-मिरची तसंच लोंबत फाट्यापर्यंत गेलेलं मी पाहिलं. त्याची वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यात भाडं आहे, डिझेल आहे, टोल आहे. फक्त उभे दिवस नाहीत. गाडी उभी राहिली की तो वही मिटून ठेवायचा.

म्हणून तुला वही सांगते. जूनपासून नोव्हेंबरपर्यंत तुम्ही कागदावर ट्रक चालवायचा. नवरा ज्या मालकाच्या गाडीवर आहे, तीच तुमची समजायची. रोज रात्री त्याचा फोन येतोच, तेव्हा जेवलास का विचारून झालं की पुढचं विचार: आज किती किलोमीटर भरलेली, किती रिकामी, डिझेल किती लिटर, टोल किती कापला, हमाली कोणी दिली, काट्यावर वजन किती आलं. भाड्याचा आकडा मुनशीकडून, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या हिशेबनिसाकडून, काढता येतो, अकरा वर्षं काढलेल्या ड्रायव्हरपासून तो लपत नाही. दलालाचं कमिशन वेगळं लिही. विम्याचे, फिटनेसचे, टायरचे पैसे वर्षाचे धरून बाराने भाग आणि दर महिन्याला वजा कर. नॅशनल परमिटची फीच वर्षाला १६,५०० आहे, तीही धर. आणि हप्ता महिन्याच्या शेवटी लिहू नकोस, रोज लिही: ६६७ रुपये. गाडी फाटकाबाहेर खाली व्हायची वाट पाहत तीन दिवस उभी असली तरी ६६७, ६६७, ६६७. वहीत सगळ्यात जाड रांग या उभ्या दिवसांची असू दे.

आलेलं भाडं आणि ठरलेलं भाडं हेही वेगळं मांड. निघताना ॲडव्हान्स मिळतो, तो डिझेलातच जातो. बाकी मिळते पोच दिल्यावर, म्हणजे सही-शिक्क्याचा कागद परत ट्रान्सपोर्टवाल्याच्या टेबलावर पडल्यावर, आणि त्यानंतरही 'उद्या या' असतंच. कोइमतूरला रुई, म्हणजे सरकी काढलेला कापूस, टाकून आलात आणि बाकी पंधरा दिवसांनी मिळाली, तर दुसऱ्या खेपेचं डिझेल कशातून भरणार? याचं उत्तर वहीत नसेल तर ते कोणाच्या तरी दुकानात व्याजानं असतं. माझं मत विचारशील तर सोन्यातून अडीच लाख उभे होत असतील तर त्यातले निदान सत्तर-ऐंशी हजार गाडीच्या किमतीत घालायचेच नाहीत, फिरते ठेवायचे. तेवढ्यानं गाडी बसत नसेल तर ती गाडी तुमची नाही.

वजनाचं एक लक्षात ठेव. रुईची गाठ १७० किलोची. जुन्या पासिंगच्या, म्हणजे जुन्या नियमानं वजन ठरलेल्या, सहा चाकीचं मालासकट वजन १६ टन २०० किलो, म्हणजे माल दहा टनांच्या आसपास. साठ गाठी भरल्या की झालं. जिनिंगचा माणूस म्हणेल, वहिनी, ऐंशी टाका, सगळेच टाकतात. धरलं तर २० हजार दंड, वरच्या प्रत्येक टनाला २ हजार वेगळे, आणि जास्तीचा माल तिथंच रस्त्यात उतरवायचा. एक हप्ता एका काट्यावर गेला.

तुझ्या लायसनवर मी अडून बसणार आहे. चारचाकीच्या लायसनवर तुला ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, सुप्रीम कोर्टानं २०२४ मध्ये ते पुन्हा पक्कं केलं. सोळा टनांच्या गाडीला हात लावायचा तर हेवीचं लायसन पाहिजे. तुझं दोन वर्षं जुनं आहे, म्हणजे शिकाऊ परवान्याला तू आजच पात्र आहेस. हेच सहा महिने त्यात घाल. नवरा शेजारी बसून शिकवीन म्हणाला तरी पैसे भरून ड्रायव्हिंग स्कूलमध्येच शिक. नवऱ्याकडून शिकताना गिअर कमी आणि भांडणं जास्त पडतात, मी लुनासुद्धा शेजाऱ्याकडून शिकले.

लायसन नसताना तू नुसतीच सोबत गेलीस तर? नीट वाच. मालवाहू गाडीच्या विम्यात मालक-चालकाला १५ लाखांचा अपघात विमा असतो, पण आरसीवर ज्याचं नाव त्यालाच, आणि त्याच्याकडे चालू लायसन असेल तरच. मालाचा मालक गाडीत असला तर तो धरला जातो, पगारी नोकर धरला जातो. केबिनमध्ये बसलेली बायको यातलं काहीच नाही. उद्या काही झालं तर कागदावर तू फुकट बसलेली सवारी. सोनं तुझं आणि गाडीत तू कोणीच नाही, हे मला पटत नाही. आरसी तुझ्या नावानं कर किंवा दोघांच्या वाट्याचं लिहून घे, आणि दोघांचाही वेगळा अपघात विमा काढ. बँकेतला २० रुपयांचा, २ लाखांचा सरकारी विमा तर आजच काढ, त्याला गाडी घ्यायची वाट पाहू नको.

सासूबाईंचं बोलणं तूच परत वाच. लोकं एकदा आली, शेत एकदा आलं, पोरगं दोनदा आलं. त्या बाईला ट्रकाची लाज नाही वाटत, तिला भीती आहे की सगळं आपल्या अंगावर पडणार. आणि ती खरी आहे. रुईच्या भाड्याचा हंगाम दिवाळीपासून पुढचे चार महिने, आणि तुझ्या कापसाची वेचणीही तेव्हाच. दोन्हीकडे तू कशी असशील? शेत मक्त्यानं दे, निदान एक वर्ष. पोराच्या शाळेचे दिवस असताना तीन-चार रात्रींपेक्षा लांबची खेप तू करू नकोस, तेवढ्यापुरता क्लीनर न्या. आणि सासूबाईंना दर महिन्याला हातात पैसे दे, पोराच्या खर्चाचे वेगळे आणि त्यांचे वेगळे. 'घरचंच आहे' म्हणून फुकटात धरू नको, मालक तुझ्या नवऱ्याला अकरा वर्षं असंच धरत आला असेल.

केबिनचं थोडं. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या मोठ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची आहे, तुमच्या वाट्याला जी जुनी गाडी येईल तिला नसणार. मे महिन्यात दुपारी वणी-घुग्घुसच्या रस्त्यावर इंजिनच्या शेजारी बसणं म्हणजे काय, ते जावयांना विचार. संडास स्वच्छ असलेल्या पंपांची यादी वहीच्या शेवटच्या पानावर कर, पाळीच्या दिवसांत ती डिझेलइतकीच लागते. दोन ड्रायव्हर आहेत म्हणून रात्रभर चालायचं नाही. चालत्या ट्रकात मागच्या फळीवर झोप लागते ती झोप नव्हे. रात्री दोन ते पाच गाडी उभी, चावी तुझ्या उशाखाली. समृद्धीवर तर फारच जपा, सरळ रस्ता डोळे मिटवतो. (आणि नव्या प्रदूषण नियमांची बीएस-६ गाडी मिळालीच तर तिच्यात धूर साफ करायला 'युरिया' लागतो, तो पंपावरचा. कोणीतरी शेतातला गोणीतला विरघळवून टाकल्याचं ऐकलं आहे, म्हणून सांगते.)

फोन मात्र तुझ्याकडे ठेव. भाडं तूच ठरवायचं. दलाल म्हणेल, 'भाऊले द्या फोन.' तू म्हण, भाऊ गाडी चालवतात, भाडं मी बोलते. पहिल्यांदा तो ठेवून देईल, तिसऱ्यांदा आकडा सांगेल. नवऱ्याला हे आधीच पटवून ठेव, नाहीतर तो मधूनच 'दे इकडे' म्हणेल आणि वर्षभराची तुझी पत एका वाक्यात जाईल. दोघं चोवीस तास त्या साडेतीन हातांच्या खोलीत राहणार आहात. भांडाल. भांडण झालं की जो स्टिअरिंगवर असेल त्यानं पुढच्या ढाब्यावर गाडी लावायची, एवढं ठरवून ठेवा.

वहीतली आषाढाची पानं मला फोटो काढून पाठव, उभे दिवस मी मोजीन. आणि गाडीवर नाव पोराचंही नको, देवाचंही नको, सासूबाईंचं टाक. पेंटर अक्षरावर पैसे घेतो, तेव्हा जोडाक्षरं किती आहेत ते आधी कळव.