टाकी भरेपर्यंत थांबायचं का?

प्रश्न : आमच्या गावात गटारलाईन नाही, घरोघरी सेप्टिक टँक. टाकी तुंबली की प्रायव्हेट टँकर बोलवायचा आणि तो मैला जाऊन ओढ्यात ओततो हे सगळ्यांना माहितेय पण कोणी बोलत नाही. नगरपरिषद यावर नियम करू शकते का?

उत्तर : करू शकते की! 1965 च्या नगरपरिषद कायद्याखाली उपविधी, म्हणजे नगरपरिषदेचे स्वतःचे स्थानिक नियम, करता येतात. साताऱ्यातल्या वाईचंच बघा, तिथे 2018 पासून पाळी ठरवून टाक्या उपसतात, साधारण 3 वर्षांतून एकदा, कोणी फोन करायची वाट बघत नाहीत, आणि मैला त्यावर प्रक्रिया करणाऱ्या प्लांटवर जातो. उपसायचे पैसे टँकरवाल्याच्या हातात द्यायचे नाहीत, टॅक्समधूनच जातात, म्हणून कोणी चालढकल करत नाही (आपल्याकडे पाहुणे यायच्या आदल्या दिवशी टाकी आठवते!). तुमच्या उपविधीत टँकरला लायसन्स, मैला कुठे रिकामा केला त्याची पावती आणि ओढ्यात ओतला तर दंड एवढं तरी हवंच. पण आधी ओतायला जागा पाहिजे हो, ती नसेल तर टँकरवाला जाणार कुठे? आणि माणूस टाकीत उतरवायचा नाही, हाताने मैला साफ करायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय तो गुन्हाच आहे.