जुनं गोवं बघायला निघालाय? आदल्या दिवशी हलशीला जा

तुम्ही विचारलंय, बेळगावहून एका दिवसात जुनं गोवं बघून होतं का, आणि तिथं पोर्तुगीज चर्चशिवाय बघण्यासारखं काय आहे.

होतं. पहाटे चोर्ला घाटानं निघालात तर रात्री घरी जेवायला. दुसऱ्या प्रश्नावर मात्र मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

माझ्या बहिणीला म्हापशात दिलीय. वडील बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, हलशीजवळच्या खेड्यातले. त्यांचा टेंपो होता, बेळगावच्या मार्केटात भाजी भरायची आणि घाट उतरून गोव्यात टाकायची, असं कैक वर्षं चाललं. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, म्हणजे गणपतीला, आम्ही बहिणीकडं गेलो. पंगतीत जुन्या गोव्याचा विषय निघाला. मी काहीतरी विचारलं, तर दाजींचे चुलते म्हणाले, "तुम्ही घाटी. तुमचा नि गोव्याचा संबंध भाजीपुरता." सगळे हसले. वडील खाली मान घालून जेवत राहिले. माझा घास उतरेना, पण माझ्याकडं उत्तरही नव्हतं.

परत येताना साखळीच्या स्टँडवर कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी सेवेची, बस उभी होती. वडिलांनी टेंपो बाजूला घेतला आणि म्हणाले, "ते नाव वाचलंस? आमच्या हलशीच्या राजाचं नाव हाय ते." आणि पुढच्या रविवारी मला भूवराह नृसिंहाच्या देवळात घेऊन गेले. चौथी शिकलेला माणूस. त्या देवळाचा शिलालेख शिवचित्त पेर्माडी या गोव्याच्या कदंब राजाच्या काळातला आहे, बाराव्या शतकातला. हे राजे स्वतःला 'कोकण नऊशे' आणि 'पलसिगे बारा हजार' अशा नावांच्या दोन्ही मुलखांचे धनी म्हणवत. पलसिगे म्हणजे आमची हलशी! घाटाखालचं बंदर आणि घाटावरचा मुलूख एका हाताखाली होता.

त्यांचं बंदर गोपकपट्टण. ते जुवारीच्या काठी, आजच्या गोवा वेल्हात. तुम्ही बघणार ते जुनं गोवं मांडवीच्या काठी, नंतरचं. गोवा वेल्हा आणि जुनं गोवं, दोन्ही नावांचा अर्थ एकच, म्हणून लोक घोळ घालतात. आणि मांडवी तरी कुठली? आमच्या खानापूर तालुक्यातली म्हादई.

बेळगावचा किल्ला तर गोव्याच्या बंदरापायीच गेला. दख्खनच्या फौजांना अरबी घोडे लागत आणि ते गोव्यात उतरत. १४७२ साली बहामनी सुलतानाचा वजीर महमूद गावाननं गोवा घेतला. विजयनगरच्या सांगण्यावरून बेळगावच्या राजानं तो परत घ्यायला हालचाल केली, तेव्हा गावान घाटावर चालून आला आणि बेळगावही घेतलं. पुढं गोवा आदिलशाहीत गेला, आणि १५१० साली पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कनं तो आदिलशाहकडून जिंकला. पोर्तुगीजांना गाव आयतं मिळालं, धक्क्यासकट आणि घोड्यांच्या व्यापारासकट.

म्हणून बघायचं कसं, तर डिचोलीहून नार्व्याला जा. तिथं सप्तकोटेश्वर, कदंबांचं कुलदैवत. मूळ देऊळ समोरच्या दिवाडी बेटावर होतं, ते पोर्तुगीजांनी पाडलं. लिंग अलीकडं आणलं आणि १६६८ साली शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार केला. मग फेरीबोटीनं दिवाडी, आणि दिवाडीवरून दुसऱ्या फेरीबोटीनं जुनं गोवं. उतरल्यावर समोर व्हाइसरॉयची कमान येते. १५९९ च्या सुमाराला वास्को द गामाच्या पणतवानं ती बांधली आणि नदीकडच्या बाजूला पणजोबाचा पुतळा बसवला. जहाजातून येणारा माणूस गावात शिरायचा तो इथूनच. गाडी थेट चर्चच्या पार्किंगला नेलीत तर तुम्हाला बंदर दिसणारच नाही.

कमानीतून पुढं सेंट कॅजेटन चर्चच्या आवारात काळ्या दगडाची एक एकटी चौकट उभी आहे. आदिलशाही वाड्याचं एवढंच उरलंय. खांब नीट बघा, नक्षी देवळातली वाटते. लोक तिच्याकडं पाठ करून फोटो काढतात, मला ते बघवत नाही.

चर्च बघू नका असं मी म्हणत नाही. बॉम जेजूस तर बघाच, १६०५ सालचं आहे. ऑगस्टीनचा पडका मनोराही बघा, म्हणजे रोगराईनं एवढं शहर कसं ओस पडलं आणि १८४३ साली राजधानी पणजीला का गेली ते कळेल. आणि गोवा आमचा, असाही माझा दावा नाही, तो गोंयकारांचाच. पण १९६१ च्या डिसेंबरात गोव्यात शिरलेली भारताची फौज बेळगावात जमली होती, हेही त्या पंगतीत कुणीतरी सांगायला हवं होतं.

पावसाळ्यात चोर्ल्याला धुकं असतं, घाई करू नका. हलशी मात्र आदल्या दिवशीच उरका, बेळगावहून चाळीसेक किलोमीटर आहे. दाजींच्या चुलत्यांना मी दर चवथीला हलशीचं आमंत्रण देतो. अजून आलेले नाहीत. वडील होते तोवर यायला हवे होते.