मुलीला मलेरियाच्या जंतूवर पीएच.डी. करायचीय. करू द्यावी का?

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाव छापू नका म्हणालात, छापत नाही. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. हे गृहस्थ महापालिकेच्या कीटकनाशक खात्यात २७ वर्षं आहेत. परळ-लालबागच्या गच्च्यांवर चढायचं, टाक्यांची झाकणं उघडायची, अळ्या शोधायच्या, हे त्यांचं काम. मुलगी टी.वाय. बी.एस्सी.ला आहे, विषय लाइफ सायन्सेस. तिला मलेरियाच्या परजीवीच्या जनुकांवर संशोधन करायचंय. वडील विचारतात, "मी जन्मभर डास मारले, डास काही संपले नाहीत. मलेरिया तर गोळ्यांनी बरा होतो. मग ही पाच-सहा वर्षं जनुकांत डोकं घालून काय करणार? आणि तोवर घर कोणी चालवायचं?" खाली आईनं एक ओळ लिहिलीय: लॅबमध्ये तिलाच मलेरिया झाला तर?

आधी आईंना उत्तर. परजीवी फ्लास्कमधल्या रक्ताच्या तांबड्या पेशींत वाढतो, हवेतून उडून अंगात शिरत नाही. धोका असतो तो सुई किंवा काच टोचण्याचा. म्हणून हातमोजे, कोट आणि सुया टाकण्याची वेगळी पेटी या गोष्टी पहिल्या दिवसापासून अंगवळणी पाडतात. ती नियम पाळणारी असेल तर ही भीती मनातून काढून टाका.

आता तुमच्या गोळ्या. मलेरियाचा सर्वांत घातक परजीवी फाल्सिपेरम, त्याच्या मलेरियाला पूर्वी क्लोरोक्विन चालायचं. पुढे परजीवी त्याला दाद देईनासा झाला आणि आर्टेमिसिनिनवर आधारलेली औषधं आणावी लागली. मग आग्नेय आशियात त्या औषधांचाही परिणाम उशिरा दिसू लागला. २०१४ साली संशय केल्च१३ नावाच्या एका जनुकातल्या बदलावर आला, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. पुढच्याच वर्षी संशोधकांनी परजीवीच्या त्या जनुकात तो बदल मुद्दाम घातला, तेव्हा औषधातून वाचणाऱ्यांचं प्रमाण वाढलं. बदल काढून टाकला, तेव्हा ते घटलं. संशयाचं खात्रीत रूपांतर झालं ते जनुक हातानं बदलता येत होतं म्हणून. तुमच्या मुलीला हेच काम शिकायचंय.

फाल्सिपेरमचा जनुकसंच २००२ साली वाचून झाला. सुमारे ५,३०० जनुकं सापडली, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त नेमकं काय करतात हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. एखादं जनुक काय करतं हे कळायचा सरळ मार्ग म्हणजे ते काढायचं आणि काय बिघडतं ते पाहायचं. इथे अडचण अशी की रक्तात असताना या परजीवीकडे प्रत्येक जनुकाची एकच प्रत असते. जगण्याला लागणारं जनुक काढलं तर तो मरतो, आणि मेलेल्यात तपासायचं काय? जनुक न काढता त्याचं काम दाबायची आरएनए इंटरफिअरन्स ही युक्ती इतर अनेक जीवांत चालते, पण तिला लागणारी यंत्रणाच याच्याकडे नाही.

तेव्हा उपाय काढला तो तुम्हाला लगेच कळेल. इमारतीचं पाणी तोडायला आपण पाइप उखडत नाही, व्हॉल्व्ह बसवतो आणि हवा तेव्हा फिरवतो. परजीवीत जनुकाच्या दोन्ही बाजूंना छोट्या खुणा बसवतात, आणि त्या खुणांवर कापणारं एन्झाइम दोन तुकड्यांत ठेवतात. तुकडे वेगळे आहेत तोवर काही घडत नाही, परजीवी मजेत वाढतो. रॅपामायसिन नावाचं औषध घातलं की दोन्ही तुकडे जुळतात आणि जनुक कापलं जातं. मग परजीवी नेमका कुठे अडतो ते पाहायचं: पेशीत शिरताना, आत वाढताना, की बाहेर पडताना? जिथे अडेल तिथे नवं औषध शोधायला जागा आहे.

२०१४ पासून या परजीवीत क्रिस्पर, म्हणजे डीएनए हव्या जागी कापायचं तंत्रही वापरता येऊ लागलं, तरी काम सोपं झालेलं नाही. डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो. याच्या डीएनएत सुमारे ८० टक्के ए आणि टी ही अक्षरं असतात, आणि नेहमीच्या कॅस९ कात्रीला कापायच्या जागेशेजारी दोन जी लागतात. म्हणजे सोयीची जागा मिळणं कठीण. शिवाय कापलेली टोकं हा परजीवी आपणहून नुसती चिकटवत नाही, दुरुस्तीचा नमुना आपणच पुरवावा लागतो.

मी एका प्रयोगशाळेत हे काम पाहायला मुद्दाम गेलो होतो. फ्लास्कच्या तळाशी तांबड्या पेशींचा पातळ थर, वर गुलाबी द्रव. तिथल्या मुलीनं थेंबभर रक्त काचपट्टीवर पसरलं, गिम्साचा रंग दिला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं. फिकट पेशीत बारीक अंगठी, अंगठीवर जांभळा खडा. तोच परजीवी. ती म्हणाली, "विजेचा झटका देऊन यांच्यात डीएनए घालतो, पण लाखोंतून एखाद्याच्याच आत टिकतो. मग औषध घालून बाकीचे मारायचे. फ्लास्क रिकामा दिसतो. तीन आठवडे रोज द्रव बदलायचा आणि स्लाइड पाहायची." तो फ्लास्क सतराव्या दिवशी होता. गणपतीच्या सुट्टीतही ती रोज येत होती.

म्हणून तुमच्या मुलीबद्दल मला गुणांची चिंता नाही. रिकाम्या स्लाइडसमोर तीन आठवडे बसणं तिला जमेल का, एवढाच माझा प्रश्न आहे. याचं उत्तर ना तुम्ही देऊ शकता ना मी. दोन महिने लॅबमध्ये काढले की तिचं तिलाच कळेल. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप आहे, टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा विद्यार्थ्यांसाठीचा उन्हाळी उपक्रम आहे. अर्ज हिवाळ्यातच सुरू होतात, तेव्हा आतापासून लक्ष ठेवा. मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये आणि पवईच्या आयआयटीत मलेरियाच्या परजीवीवर काम झालेलं आहे. दिल्लीत आयसीजीईबी ही जनुक-तंत्रज्ञानाची आंतरराष्ट्रीय संस्था आणि राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आहेत.

एम.एस्सी.साठी तिनं जॅम आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेश परीक्षा द्याव्यात. त्यानंतर नेट-जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.च्या फेलोशिपसाठीची परीक्षा. पैशांचं म्हणाल तर जेआरएफला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत, साधारण दोन वर्षांनंतर ४२,००० होतात, घरभाडं वेगळं. पीएच.डी.साठी तुम्हाला कर्ज काढावं लागणार नाही. पण फेलोशिप काही वेळा उशिरा जमा होते, तेव्हा चार-सहा महिन्यांची शिल्लक घरात असू द्या. लग्न, घर या गोष्टींची तारीख तिच्या थीसिसशी बांधू नका, त्यानं दोन्हीकडे ताण येतो.

पुढचंही स्पष्ट सांगतो. कायमच्या प्राध्यापकीच्या जागा थोड्या आहेत. बरेच जण पीएच.डी.नंतर काही वर्षं परदेशात पोस्ट-डॉक, म्हणजे तात्पुरत्या नेमणुकीवर संशोधन करतात, आणि तरीही जागेची हमी नसते. पण क्लोनिंग, पेशींचं कल्चर, जनुक-संपादन आणि मायक्रोस्कोपी ही कामं हातात बसलेल्या माणसाला औषध आणि बायोटेक कंपन्यांतही विचारतात. तिला पायथन ही संगणकाची भाषाही थोडी शिकू द्या, कारण आता एकाच प्रयोगात हजारो जनुकांची माहिती येते. "पंधरा दिवसांत क्रिस्पर" असल्या प्रमाणपत्रांवर मात्र एक रुपयाही घालवू नका. डझनभर मुलांची अशी प्रमाणपत्रं माझ्या टेबलावर आली, त्यांतल्या एकाही मुलानं स्वतः पिपेट धरलेला नव्हता.

आणि एक विनंती. येत्या रविवारी तिला तुमच्याबरोबर गच्चीवर न्या. पाण्याला समांतर पडून राहणारी मलेरियाच्या डासाची म्हणजे अ‍ॅनाफिलीसची अळी आणि डोकं खाली करून लटकणारी क्युलेक्सची, यांतला फरक तिला टाकीतच दाखवा. कोणत्या महिन्यात कोणत्या बांधकामावरून तापाचे रुग्ण वाढतात, तेही सांगा. जनुकांवर काम करणाऱ्या कित्येकांनी जिवंत अळी पाहिलेली नसते.

पुढचं पत्र तिनं लिहावं. एवढ्या जनुकांतून आधी कोणतं बंद करून पाहावंसं वाटतं आणि का, हे तिच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहून पाठवू दे. त्यावरून एम.एस्सी.ला कुठे अर्ज करायचा ते आपण ठरवू.