भिंतीला टेकून बसता यावे म्हणून

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दरडीत घर गेलेले ते कुटुंब अजून शाळेच्या खोलीतच आहे आणि आता वर्ग सुरू झाल्यामुळे त्यांना हलवायचे कोठे, या विचाराने तुझी झोप उडाली आहे, हे पत्रावरून कळले. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली, तेव्हा भाकऱ्या, चादरी, भांडी घेऊन गावोगावची माणसे धावून आली होती. ती माया खरी होती. पण काही दिवसांनी टेम्पो यायचे थांबतात, आणि बेघर झालेल्या माणसाला खरे दिवस तेथून पुढे काढायचे असतात.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळात श्रीवर्धनकडे नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरची कौले आणि पत्रे उडाले. आमच्या वाडीतील एका विधवा बाईला आणि तिच्या दोन मुलांना शेजारच्या घराने आपली पडवी दिली. पुढाकार माझाच होता, आणि चूल कोणाची, एवढे विचारायचे माझ्याकडून राहून गेले. एकाच चुलीवर दोघींचा स्वयंपाक होऊ लागला आणि दोघी मनाने चांगल्या असूनही महिन्याभरात त्यांचे बोलणे तुटत गेले. ती बाई पडवीच्या अगदी कडेला, पाय अंगणात सोडून बसे. भिंतीला टेकून बसलेली मी तिला कधी पाहिली नाही. परसात तीन दगड मांडून तिची चूल वेगळी करून दिली, तेव्हा कोठे दोन्हीकडचा जीव मोकळा झाला. म्हणून जे घर आसरा देणार आहे त्याच्याशी चूल, पाणी, न्हाणी आणि किती महिने, हे सगळे आधीच बोलून घे.

भिजलेले रेशनकार्ड आणि आधार नव्याने काढून घेणे हे लगेच कर. त्याहून अवघड काम जमिनीचे आहे. आपल्याकडे सातबारा सामायिक असतो. त्यावर भाऊबंदांची ढीगभर नावे, निम्मे लोक मुंबईला, काही जण वारलेले आणि त्यांच्या वारसांची नोंदच झालेली नाही, अशी स्थिती असते. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरकुलासाठी सर्वसाधारण भागात 1,20,000 रुपयांची मूळ रक्कम हप्त्याहप्त्याने मिळते, किमान 25 चौरस मीटरचे घर बांधावे लागते आणि रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी जोडता येते. परंतु पायाखालची जागा त्या माणसाची आहे हे कागदावर दिसले नाही, तर पुढचे सगळे अडून राहते.

पैसाही पुरत नाही, कारण चिरा, वाळू आणि वाहतूक यांतच पुष्कळ रक्कम जाते. तेथे वाडीने उभे राहायचे असते. त्या बाईच्या जागेपर्यंत ट्रक जात नव्हता, तेव्हा पाखाडीवर, म्हणजे वर जाणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या वाटेवर, माणसांची रांग लावून आम्ही दोन रविवार हातोहात चिरे वर चढवले, आणि जोते मृगाआधी पुरे केले. पुढे भिंती उभ्या राहिल्या; गिलावा व्हायचा होता, तरी नव्या घरातील पहिल्याच संध्याकाळी ती त्या चिऱ्यांना पाठ लावून निवडण टिपत बसली होती.

गौरी-गणपतीला चाकरमानी गावी येतील; सामायिक जमिनीतील जागेसाठी भाऊबंदांच्या संमतीपत्रांवर सह्या घेण्याचे तेच दिवस. तोवर तलाठ्याकडून उतारा आणून त्यावरील एकेका नावापुढे वारस आणि मुंबईचा पत्ता लिहून ठेव. ऋषिपंचमीला सकाळच्या गाडीने मी येतो, आपण दोघे मिळून घरोघर जाऊ.

तुझा,
गुरुजी