सोनोग्राफीत पानथरी (प्लीहा) वाढून १५ सेंटीमीटर आली, दुखत नाही. कारण काय असेल?

बहुतेकदा कारण पानथरीबाहेर असते: मलेरिया, टायफॉइड, यकृताचा सिरोसिस (यकृत कडक होऊन निकामी होत जाणे) किंवा रक्ताचा आजार. जुन्या तांबड्या पेशी मोडणे हे पानथरीचे काम. थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ते काम वाढते, सिरोसिसमध्ये यकृताकडे जाणारे रक्त मागे तुंबते. दोन्हीत ती फुगते. दुखत नाही म्हणून कृपया सोडून देऊ नका. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), रक्ताचा स्मिअर (सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहणे) आणि यकृताच्या चाचण्या डॉक्टरांना विचारून आधी करा. विदर्भ किंवा नंदुरबारकडचे असाल तर तिकडे जास्त आढळणाऱ्या सिकलसेलची (तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आनुवंशिक आजार) तपासणीही हवीच. मात्र सिकलसेलमध्ये पानथरी लहानपणी वाढून पुढे अनेकदा आक्रसते. अशा मुलाचे पोट डावीकडे एकाएकी फुगले आणि मूल फिकट पडले, तर थांबू नका, तडक रुग्णालयात न्या. रक्त पानथरीत अडकलेले असू शकते.