जायंट ऑटरसाठी प्राणिसंग्रहालयात आवार आखताना तळं किती मोठं ठेवावं?

तुमच्या आराखड्यात तीन चतुर्थांश जागा तळ्याला आणि कडेने काँक्रीटचा ओटा, असं तुम्ही लिहिलंय. हे प्रमाण उलटं करा. जायंट ऑटर, म्हणजे दक्षिण अमेरिकेतलं महाकाय पाणमांजर, पोहतो म्हणून सगळे आधी तळ्याचा विचार करतात, पण आवार फसतं ते जमिनीवर.

ॲमेझॉन, ओरिनोको या नद्यांच्या आणि पांतानाल या पाणथळ प्रदेशाच्या काठांवर हे प्राणी बिळं खणतात, झुडपं तुडवून मोकळी जागा करतात, मातीत लोळून अंग कोरडं करतात. काँक्रीटवर किंवा दगडी फरशीवर ठेवले की तळवे घासून जखमा होतात आणि ओल्या जागी त्या भरतच नाहीत. त्यामुळे जमीन पाण्यापेक्षा बरीच जास्त धरा, जमत असेल तर चौपट. तिच्यावर वाळू, माती आणि झाडाच्या सालीचा भुगा यांचा किमान ३० सेंटिमीटर थर, खाली निचऱ्यासाठी खडी. एका बाजूला मीटरभर उंच मातीचा बांध फक्त खणायला सोडा. जमिनीचा उतार तळ्याकडे देऊ नका, नाहीतर प्रत्येक पावसात गाळ फिल्टरमध्ये जातो. काठाला बुटका दगडी कठडा केला की वाळू बरीच अडते.

तळ्याला एका बाजूने खोली द्या, दीड-दोन मीटर. दुसरीकडून मात्र सपाट, हळूहळू खोल होत जाणारा किनारा हवाच. सरळ भिंतींच्या तळ्यात पिल्लं बुडतात. आई त्यांना पाण्यात ओढून नेते आणि त्यांना बाहेर चढता येत नाही. क्लोरीन कमीत कमी वापरा. माशांचे तुकडे आणि तेल वर तरंगतं, म्हणून पृष्ठभागावरचं पाणी खेचणारा स्किमर लागतोच. विष्ठेची जागा ते स्वतः ठरवतात, सगळं कुटुंब तिथेच जातं. ती रोज पूर्ण धुऊन काढू नका, थोडा वास राहू द्या.

पिल्लांच्या बाबतीत हा प्राणी फार नाजूक. गाभणकाळ ६५ ते ७० दिवसांचा. प्रसूतीनंतर आवाज, अनोळखी माणसं किंवा पाहुण्यांची काच अगदी जवळ असली, तर आई पिल्लांना तोंडात धरून फिरवत राहते, दूध पाजत नाही, कधी मारूनही टाकते. अंधाऱ्या, कोरड्या बिळाच्या पेट्या किमान दोन, शक्यतो तीन ठेवा आणि इन्फ्रारेड कॅमेरे, मायक्रोफोन आधीच बसवून घ्या. नंतर ड्रिल घेऊन आत जाता येत नाही. पाहुण्यांच्या नजरेआडची खोली या काळात चोवीस तास उघडी हवी. नराला वेगळं करू नका. तोही पिल्लं सांभाळतो, आणि जोडी तोडली की मादी अस्वस्थ होते.

कुंपणाची जाळी जमिनीखाली मीटरभर तरी पुरा किंवा काँक्रीटच्या पायात रोवा. पाहुण्यांच्या बाजूचा कठडा लहान मुलाला चढता येईल असा मुळीच नको. १९७७ मध्ये ब्राझीलची राजधानी ब्राझिलिया इथल्या प्राणिसंग्रहालयात एक मुलगा जायंट ऑटरच्या तळ्यात पडला. त्याला वाचवायला उडी मारलेले सार्जंट सिल्व्हियो देल्मार होलेनबाख प्राण्यांनी चावल्याच्या जखमांमुळे काही दिवसांनी वारले. आज त्या प्राणिसंग्रहालयाला त्यांचंच नाव आहे. ३० किलोपर्यंत वजनाचे हे प्राणी टोळीने हल्ला करतात, म्हणून कीपरनेही आत जाण्याआधी सगळ्यांना शेजारच्या खोलीत घेऊन सरकता दरवाजा लावावा.

आहाराची सोय इमारतीतच लागेल. एका प्राण्याला रोज तीन-चार किलो मासे धरून फ्रीझर मोजा. गोठवलेल्या माशातलं जीवनसत्त्व ब१ उडून जातं, ते दर किलो माशामागे २५ ते ३५ मिलिग्रॅम वरून द्यावं लागतं.

प्राणी आणण्याआधी पाइपने आवारावर तासभर पाणी मारा. दुसऱ्या दिवशी मूठभर वाळू घट्ट दाबून बघा. बोटांतून पाणी निथळलं तर खडीचा थर कमी पडलाय; तो आत्ताच उकरून वाढवा.